न्हावा शेवाचा डबा आणि घरातला सर्व्हर

ऐकायला सवड नसेल त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे शब्दांकन. इअरफोन घरी विसरला असाल तर लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचून टाका.

आजचा विषय आहे डबा. टिफिनचा नाही, कंटेनर. उरणच्या रस्त्याला एकदा लागलात की पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे तेच दिसतात. लाल, निळे, गंजलेले, ट्रेलरवर चढलेले, यार्डात एकावर एक रचलेले. नवी मुंबईत वाढलेल्या पोराला त्याचं कौतुक नसतं, ट्रॅफिकचा वैताग तेवढा असतो. पण गंमत बघा. याच शहरात ऐरोली, महापे, पनवेलच्या बाजूला मोठमोठी डेटा सेंटर्स उभी आहेत आणि त्यांतल्या सर्व्हरवर चालणारं कितीतरी सॉफ्टवेअरसुद्धा 'कंटेनर'मध्येच चालतं. माझ्या घरी कपाटावर एक जुना लॅपटॉप आहे. आमच्या कुटुंबाच्या फाईल्स त्यावर असतात, आणि त्याही कंटेनरमधूनच चालतात.

नाव एकच, हा योगायोग नाही. एका कल्पनेचा तो इतिहास आहे. आणि ती कल्पना अर्धवट समजून घेतल्यामुळे मी घरच्यांचं काय नुकसान केलं, तेही आज सांगणार आहे.

डब्याआधीचं बंदर

पूर्वी जहाजात माल कसा चढायचा? पोती, पिंपं, खोकी, गासड्या, सगळं सुटं. माणसं पाठीवर वाहायची. एक जहाज रिकामं करून पुन्हा भरायला कितीतरी दिवस जायचे. माल भिजायचा, फुटायचा, चोरीला जायचा. अंगमेहनतीचं हे काम करणाऱ्यांना आपल्याकडे माथाडी म्हणतात. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा आला. वाशीच्या एपीएमसी मार्केटात आजही हे काम डोळ्यांनी बघता येतं.

मग आला माल्कम मॅकलिन. अमेरिकेतला ट्रकवाला माणूस. त्याचं म्हणणं साधं होतं. माल कशाला हलवायचा? मालासकट डबाच हलवा ना! २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' नावाचं जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघालं. मुळातलं ते तेलवाहू जहाज. त्याच्या डेकवर ५८ डबे होते. हिशेब केला तेव्हा कळलं, सुटा माल चढवायला टनामागे सुमारे ५ डॉलर ८६ सेंट लागायचे, डब्यातून १६ सेंटसुद्धा लागले नाहीत.

पण नुसत्या डब्याने जग बदललं नसतं. बदललं ते मापाने. प्रत्येक कंपनीचा डबा वेगळ्या लांबीचा असता तर प्रत्येक बंदराला वेगळी क्रेन लागली असती. १९६०च्या दशकाच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय माप ठरलं. रुंदी ८ फूट, लांबी २० किंवा ४० फूट, आणि आठही कोपऱ्यांना ठरावीक भोकांचे लोखंडी ठोकळे. कोपऱ्याच्या या रचनेचं पेटंट मॅकलिनच्या कंपनीने सगळ्यांना फुकट वापरू दिलं. म्हणून जगातली कुठलीही क्रेन कुठलाही डबा उचलू शकते. आत कांदा आहे की फ्रिज, तिला काही घेणंदेणं नसतं.

हा मुद्दा डोक्यात ठेवा. पुढे लागणार आहे.

डबा नवी मुंबईत आला, आणि जमीन गेली

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकातून मांडलं की मुंबईची गर्दी खाडीपलीकडे वळवावी. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी लागणार होती. भातशेती, मिठागरं, खाडीकाठचे कोळीवाडे. नकाशावर कोरी दिसणारी ही जागा तशी कोरी कधीच नव्हती.

त्यातच न्हावा शेवाला बंदर करायचं ठरलं. कंटेनरला जुनी गोदी पुरत नाही. खोल पाणी लागतं, डबे रचायला मोकळं आवार लागतं. मुंबईच्या जुन्या गोदीत ते कुठून आणणार? २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. आज देशातल्या प्रमुख बंदरांमधून होणाऱ्या कंटेनर वाहतुकीतला जवळपास निम्मा वाटा याच बंदराचा असतो.

पण त्याआधी १९८४चा जानेवारी झाला होता. जमिनीला मिळणारा भाव आणि विकसित जमिनीतला हिस्सा, यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारीला जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी गेले. या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. जितकी जमीन संपादित झाली तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत, असं तत्त्व. काही गावांत हे वाटप कित्येक वर्षं रेंगाळलं. मूळ शेवा गाव तर उठलंच. माणसं नवीन शेव्याला आणि हनुमान कोळीवाड्याला जाऊन राहिली.

सर्व्हरच्या गोष्टीत हे कशाला, असं वाटेल. आमचं घर उरण तालुक्यातलं, प्रकल्पग्रस्त. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या जपलेली वस्तू म्हणजे दागिना नव्हे, कागद. सातबाऱ्याचे जुने उतारे, फेरफार, संपादनाची नोटीस, निवाड्याची प्रत आणि त्याखाली पणजोबांचा अंगठा. जमीन गेल्यावर ती आपली होती हे सांगणारा तेवढा कागद उरतो. पत्र्याच्या पेटीत तो ठेवलेला होता. एका पावसाळ्यात पेटीला ओल लागली आणि बरेच कागद एकमेकांना चिकटले. तेव्हा बाबांनी राहिलेले सगळे स्कॅन करून घेतले. आणि मी म्हटलं, "बाबा, काळजी करू नका, मी सर्व्हर लावतो."

फाईल पाठवायची कशी?

जरा मागे जाऊ. एका संगणकातली फाईल दुसऱ्यात कशी न्यायची, याचा सगळ्यात गाजलेला नियम म्हणजे एफटीपी. तो पहिल्यांदा लिहिला अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचा हा विद्यार्थी पुढे एमआयटीत गेला आणि एप्रिल १९७१ मध्ये त्याने तो मसुदा मांडला. म्हणजे सिडको जेमतेम एक वर्षाची होती तेव्हा!

१९९२च्या सुमारास ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने सांबा लिहायला घेतलं. त्यामुळे युनिक्स आणि विंडोजची मशीन एकमेकांचे फोल्डर उघडू लागली. आधी ठेवलेलं नाव एका कंपनीचं निघालं, म्हणून त्याने एस, एम, बी ही अक्षरं क्रमाने येणारा शब्द शब्दयादीत शोधला. त्यातून 'सांबा' सापडला.

मग आला क्लाउड. फुकट, सोपा, खिशातल्या फोनमध्ये. आपण सगळ्यांनी फोटो वर चढवले. १ जून २०२१पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण बंद झाली आणि नवे फोटो १५ जीबीच्या हिशेबात मोजले जाऊ लागले. यात फसवणूक काही नाही, आधी सांगून केलेला बदल होता. पण घर आपलं नसलं की भाडं किती ते मालक ठरवतो, हे बऱ्याच जणांना त्या दिवशी कळलं.

याला दुसरा रस्ता आहे. जर्मनीचे फ्रँक कार्लिचेक यांनी २०१० साली ओनक्लाउड सुरू केलं. ते सोडून २०१६ साली त्यांनी नेक्स्टक्लाउड काढलं. फोनवरून फोटो आपोआप चढणं, फोल्डर शेअर करणं, लिंक पाठवणं, सगळं तसंच. फरक एवढाच की सर्व्हर तुमच्या घरात. सॉफ्टवेअर मुक्त, पैसे लागत नाहीत. लागते ती मेहनत.

सॉफ्टवेअरचा डबा

आता ही मेहनत काय असते? एका प्रोग्रामला अमुक आवृत्तीची लायब्ररी लागते, दुसऱ्याला तमुक. एक बसवला की दुसरा मोडतो. माझ्या मशीनवर चालतं, तुझ्या मशीनवर चालत नाही. म्हणजे सुट्या मालाचं बंदरच हे! प्रत्येक पोतं वेगळ्या आकाराचं.

उपाय हळूहळू आला. १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत सीएचरूट नावाची सोय होती. प्रोग्रामला एका फोल्डरमध्ये कोंडायचं आणि सांगायचं, हेच तुझं जग. २००० साली फ्रीबीएसडीने त्याच कल्पनेला अधिक कडक केलं आणि नावही 'जेल' ठेवलं. २००६ साली गूगलमधल्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी लिनक्ससाठी एक काम हाती घेतलं. कुठल्या प्रोग्रामने किती मेमरी, किती प्रोसेसर खायचा त्यावर मर्यादा घालायची. ते २००८च्या जानेवारीत लिनक्सच्या गाभ्यात आलं.

आणि मार्च २०१३ मध्ये सांता क्लाराच्या पायकॉन परिषदेत सॉलोमन हाईक्स नावाचा माणूस पाच मिनिटं बोलला. त्याने दाखवलं ते डॉकर. आतलं तंत्र बरंचसं जुनंच होतं. नवीन होतं ते माप! प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका ठरावीक पद्धतीने बांधायचं, मग तो गठ्ठा लॅपटॉपवर, ऑफिसच्या सर्व्हरवर, डेटा सेंटरमध्ये, कुठेही तसाच उचलून ठेवायचा. डॉकरचं चिन्ह बघितलंय? पाठीवर डबे रचलेला निळा देवमासा. पुढे २०१५ साली अनेक कंपन्यांनी मिळून या डब्यांचं सामायिक मानक ठरवायला घेतलं. मॅकलिनचीच गोष्ट पुन्हा.

दोन शब्द नीट समजून घ्या. 'इमेज' म्हणजे डब्याचा साचा, तो इंटरनेटवरून उतरवतात. 'कंटेनर' म्हणजे त्या साच्यातून काढलेला, चालू असलेला डबा. त्यात अख्खा संगणक नसतो, लिनक्सचा गाभा तुमच्या मशीनचाच वापरला जातो. म्हणून तो हलका असतो आणि जुन्या लॅपटॉपवरही पळतो.

माझ्याकडे ४ जीबी मेमरीचा लॅपटॉप पडून होता. त्यावर डेबियन टाकलं, डॉकर टाकलं, नेक्स्टक्लाउडची इमेज उतरवली, पोर्ट जोडला. इथे पोर्ट म्हणजे बंदर नव्हे, डब्याला ठेवलेला दरवाजा समजा. एका आज्ञेत सर्व्हर सुरू! वीज किती? लॅपटॉप सरासरी २० वॉट घेतो असं धरलं तर महिन्याला साधारण १४ युनिट. लाईट गेली तर बॅटरी आहेच.

बाहेरून घरात यायचं मात्र जमेना. त्याचं कारणही इतिहासातच आहे. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जेमतेम ४२९ कोटी. आशियाचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. त्यामुळे कंपन्या एकाच पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. चाळीला नंबर आहे, खोलीला नाही, मग पोस्टमन तुमच्या दारापर्यंत येणार कसा? यावर वायरगार्डच्या पद्धतीचा खासगी बोगदा हा उपाय. घरच्या चार फोनना तेवढा रस्ता दिसतो, बाकी जगाला दिसत नाही. सर्व्हर थेट उघड्यावर ठेवण्यापेक्षा हे बरंच सुरक्षित.

बाबांच्या फोनवर ॲप टाकलं. स्कॅन चढले. चढल्यावर फोनमधली जागा मोकळी करायला मी तिथल्या प्रती पुसल्यासुद्धा. घरात माझी कॉलर ताठ!

माझी चूक

काही महिन्यांनी नवी आवृत्ती आली. एका रविवारी बसलो. कंटेनर बदलायचा म्हणजे जुना काढायचा, नवा लावायचा, असं वाचलेलं होतं. जुना काढला. नवी इमेज उतरवताना डिस्क भरल्याचा संदेश आला. मग शोधून एक साफसफाईची आज्ञा दिली, वापरात नसलेले व्हॉल्यूम काढून टाक. बरीच जागा मोकळी झाली. बरं वाटलं. नवा कंटेनर लावला, पान उघडलं. त्यावर लिहिलेलं होतं, नवीन ॲडमिन खातं तयार करा.

पहिल्यांदा वाटलं, पान चुकलं. मग पोटात खड्डा पडला.

झालं काय होतं? डॉकरचा डबा मुळात टाकाऊ असतो. तो फेकायचा आणि नवा आणायचा, हीच तर त्याची सोय. म्हणून जपायचा डेटा डब्याबाहेर, व्हॉल्यूममध्ये किंवा आपल्या ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायचा असतो आणि ते आपण स्पष्ट सांगायचं असतं. मी सांगितलंच नव्हतं. तरी नेक्स्टक्लाउडच्या इमेजने माझ्यासाठी एक निनावी व्हॉल्यूम बनवला होता. डबा काढल्यावरही तो शिल्लक होता. बिचारा बेवारस पडून होता आणि मी त्यालाच झाडून टाकलं.

बंदरातही असंच असतं बरं का. उतरवलेला माल ३० दिवसांत सोडवला नाही, तर कस्टम्स कायद्यानुसार मालकाला नोटीस देऊन तो विकता येतो. तिथे निदान नोटीस येते. इथे मशीनने "खरंच काढू का?" असं विचारलं होतं आणि मी न वाचता 'वाय' दाबलं होतं.

बाबांना सांगायला मला दोन दिवस लागले. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "पेटीतले चिकटलेले तरी आहेत." ते जास्त लागलं.

घानाचा सर्व्हर, पनवेलचा पेनड्राइव्ह

आता न्हावा शेवाची दुसरी एक तारीख. २७ जून २०१७. युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून नॉटपेट्या नावाचा हल्ला सुटला आणि जगभर पसरला. मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीचे संगणक बंद पडले. त्याच समूहाचं एक टर्मिनल आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरात आहे, तेही ठप्प झालं. डबे होते, क्रेन होत्या, ट्रेलर रांगेत होते. फक्त कुठला डबा कुणाचा आणि कुठे जायचा, हे सांगणारी माहिती गेली होती. माहितीशिवाय डबा म्हणजे नुसतं लोखंड!

मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. यातला सगळ्यात नाट्यमय भाग ऐका. कोण कर्मचारी, कुणाला कशाची परवानगी, ही सगळी नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरच्या अनेक प्रती जगभर होत्या. त्या एकमेकींशी सतत जुळवून घेत होत्या. पण सगळ्याच जाळ्यात जोडलेल्या, म्हणून सगळ्याच पुसल्या गेल्या. एकच वाचली, घानामधली. का? तर हल्ल्याच्या वेळी तिथे लाईट गेली होती आणि तो सर्व्हर बंद होता! मग ती हार्ड डिस्क माणसांनी हातोहात विमानाने इंग्लंडला पोचवली.

लोडशेडिंगने जगातली एक मोठी जहाज कंपनी सावरली, मंडळी. मात्र गोष्टीचा अर्थ नीट घ्या. सतत जुळत राहणारी प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. एका ठिकाणी फाईल पुसली की ती दुसरीकडेही पुसली जाते. बॅकअप म्हणजे तुटलेली, लांबची, शांत पडून असलेली प्रत.

आमचं घाना निघालं पनवेल. माझ्या चुलतभावाने वारसनोंदीच्या कामासाठी बाबांकडून स्कॅन एका पेनड्राइव्हवर नेले होते आणि काम झाल्यावर तो ड्रॉवरमध्ये टाकून विसरला होता. दहा दिवसांनी सहज विषय निघाला तेव्हा म्हणाला, "अरे, माझ्याकडे असतील की." बरेचसे मिळाले. सगळे नाही. नंतर केलेले काही स्कॅन त्यात नव्हते, आणि त्यांच्यातच निवाड्याचं ते अंगठ्याचं पान होतं. ते गेलं ते गेलंच.

मग आता काय करतो?

आता मी सगळं डॉकर कंपोजच्या एका फाईलमध्ये लिहून ठेवलंय. कुठली इमेज, कुठली आवृत्ती, कुठला दरवाजा, आणि डेटा लॅपटॉपवरच्या कुठल्या फोल्डरमध्ये. डेटाबेसचं फोल्डरही वेगळं, कारण नुसत्या फाईल्स वाचून भागत नाही, शेअर कुणाला केलंय ते डेटाबेसमध्ये असतं. आवृत्ती बदलण्याआधी दोन्हींची प्रत काढतो. आणि छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१चा नियम पाळतो. प्रती तीन, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आमची तिसरी प्रत अर्थातच पनवेलला असते. दर अमावास्येला हार्ड डिस्क जोडायची, प्रत घ्यायची, काढून ठेवायची. अमावास्या एवढ्यासाठी की बाबा ती विसरत नाहीत. आणि वर्षातून एकदा त्या प्रतीवरून सगळं पुन्हा उभं करून बघतो. कारण परत आणून न बघितलेला बॅकअप म्हणजे नुसती आशा.

प्रत्येकाने घरी सर्व्हर लावावा असं माझं म्हणणं नाही. वेळ नसेल तर क्लाउड वापरा, पैसे देऊन वापरा, पण एक प्रत आपल्या हातात ठेवा. घरचा सर्व्हर लावला म्हणजे फाईल्स आपोआप सुरक्षित झाल्या असंही नाही. माझ्या फाईल्स कुठल्या कंपनीने नाही, मीच घालवल्या.

डब्याच्या इतिहासातून मला कळलं ते एवढंच. डबा कुणाचाही चालतो, बदलताही येतो, त्यासाठीच तर तो बनवलाय. आपल्याला सांभाळायचा असतो माल, आणि तो आपला आहे हे सांगणारा कागद. आमच्याकडच्या माणसांनी १९८४ साली याच हक्कासाठी छातीवर गोळ्या झेलल्या. मला निदान 'वाय' दाबण्याआधी एक ओळ वाचता यायला हवी होती.

आज घरी गेलात की एक काम करा. आजी-आजोबांच्या कागदांची एक प्रत काढा आणि दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवायला द्या. त्याला सर्व्हर लागत नाही, एक पेनड्राइव्ह पुरतो.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, तुमचीही आणि फाईल्सचीही!